बाभळीखालची आमची माणसं

आमच्या शिवारात आता जिकडं बघावं तिकडं ऊस. मधोमध बाभळीचं एक बन तेवढं उरलंय, आणि त्यात आमच्या घरातली गेलेली माणसं. मातीदगडांचे ओटे, एकावरही नाव नाही. घरात मेंढरं होती तेव्हापासून आमच्यात पुरायची चाल.

माझ्या माहेरी दहन करतात. त्यामुळं नवी नवरी असताना मी या बनाकडं पाठ करूनच खुरपायला बसायची. मग आखिती आली, पितरांना निवद दाखवायचा सण. सासूबाईंनी निवदाचं ताट हातात दिलं. म्हणाल्या, "थोरल्या आबांम्होरं ठिवून ये." थोरले आबा म्हणजे माझे आजेसासरे. त्यांचा ओटा कुठला, हे विचारलं असतं तर काही झिजले नसते. पण सातवी शिकलेली ना मी.

बनात शिरताच एक छान सारवलेला ओटा दिसला. हेच ते. मोठ्या माणसासमोर कसं उभं राहावं ते मला ठाऊक होतं. पदर नाकापर्यंत ओढला, पोळी ठेवली, कपाळ टेकवलं आणि हळूच मुलगा मागितला.

मागं सासूबाई उभ्या. "आगं, त्यो आपला कुत्रा हाय. राखणीला दाराशी ठेवलाय त्येला."

रात्री जेवताना नवरा म्हणाला, "आमच्या जित्या आबांम्होरं कवा एवढा पदर घेतला न्हाय तू."

वर्षाच्या आत मुलगा झाला. कुणाच्या कृपेनं, ते मी अजून कुणाला विचारलेलं नाही.

तोच मुलगा गेल्या महिन्यात म्हणाला, "आई, बाभळी काढू. वट्याचं दगड बांधावर न्हिऊ. ट्रॅक्टरला वळण मिळंना."

मी भांडले नाही. त्याला घेऊन बनात गेले. ह्यांच्या ओट्याशेजारी थोडी मोकळी जागा आहे. बाभळीची एक वाळकी फांदी तिथं रोवली. म्हटलं, "ही माजी जागा. आता तुजा ट्रॅक्टर कुठनं वळवायचा ते तू ठरीव."

त्यानं वर बाभळीकडं बघितलं, खाली वाकून माती चाचपली. मग माझी फांदी उपटून हातभर अलीकडं रोवली.

"तितं मुळं हायती, आई," तो म्हणाला. "खणाय जड जाईल."