सीझनच्या आधी बर्फाचा गोळा

मे महिन्याच्या शेवटच्या आठवड्यात ऑस्ट्रेलियातल्या जिंडाबाइनला पाहण्यासारखं फारसं काही नसतं. तळं असतं, पण बोटी काठावर पालथ्या घातलेल्या असतात. स्कीच्या दुकानांची दारं उघडी असतात ती गिऱ्हाइकासाठी नव्हे, रंगाचा वास जावा म्हणून. पेट्रोल पंपावर बर्फात टायरना बांधायच्या साखळ्या भाड्याने देण्याचा फलक लागतो, पण त्या द्यायला कोणी नसतं. जूनमधल्या लाँग वीकेंडला वरच्या डोंगरावर स्कीचा सीझन सुरू होतो आणि मग या गावात गाडी लावायला जागा मिळत नाही. त्याआधीच्या दिवसांत गाव नुसतं वाट पाहत असतं.

त्याच दिवसांत मी आईला घेऊन तिथे गेले. तिला बर्फ पाहायचा होता आणि शनिवारी तिचं पुण्याचं विमान होतं. पुन्हा ऑस्ट्रेलियाला येणार नाही, हे तिने आधीच जाहीर केलं होतं.

"एवढा वेळ पाय लोंबकळत ठेवून बसायचं, वर जेवण म्हणून ते पावाचे तुकडे. एकदा झालं, पुरे."

तारखांचा घोळ कोणा एकाने घातलेला नव्हता. ती दिवाळीनंतर येणार हे ठरलं, तेव्हा परतीची तारीख सगळ्यांनी मिळून ठरवली. पुण्यातला माझा भाऊ, तिच्या गुडघ्यांचे डॉक्टर, मावशी, शेजारच्या काकू, सगळ्यांचं मत एकच होतं: तिकडची थंडी सुरू व्हायच्या आत तिने परत यावं. म्हाताऱ्या माणसाला थंडीपासून जपायचं ठरवलं की आपल्याकडे कोणी त्या माणसाला विचारत नाही. तिकीट निघालं. डिसेंबरात एकदा कॅनबेरातल्या माझ्या स्वयंपाकघरात मेथी निवडताना तिने विचारलं, "इथे बर्फ कधी पडतो?"

"जून-जुलैत."

"म्हणजे मी गेल्यावर," ती म्हणाली आणि पुढची जुडी सोडली.

बर्फाची गोष्ट जुनी होती. माझे वडील पोस्टात होते. उन्हाळ्यात आमच्या गल्लीच्या तोंडाशी गोळ्याची गाडी लागायची. रंध्यावर बर्फ किसून, काडीभोवती दाबून, वर लाल-हिरवं सरबत. गल्लीतली सगळी मुलं खायची, आम्ही दोघं नाही. बाबांचा नियम होता. "बर्फ कुठल्या पाण्याचा, कोण जाणे," एवढं ते म्हणायचे आणि विषय संपायचा. भावाने फारच तोंड वाकडं केलं की ते पुढचं वाक्य जोडायचे. एलटीसी मिळाली की मनालीला जायचं, तिथे डोंगरावरचा स्वच्छ बर्फ, त्यावर घरचं कोकम. तिथे हवे तेवढे गोळे खा. आई त्यासाठी कोकमाची बाटली वेगळी काढून ठेवायची.

मनाली झालं नाही. एकदा माझी दहावी आली, एकदा आजीचं आजारपण, एकदा बाबांची बदली. पुढे ते निवृत्त झाले आणि नंतर वारले. कोकम दर वर्षी जूनमध्ये पाहुण्यांना दिलं जायचं.

त्यामुळे निघायच्या दिवशी आईने अमृत कोकमाची बाटली गाडीच्या दारातल्या कप्प्यात उभी करून ठेवली, तेव्हा ती कशासाठी ते मला कळलं. माझी मुलगी येणार नव्हती. तिला युनिव्हर्सिटीची असाइनमेंट होती. दारात उभी राहून ती म्हणाली, "आजी, देअर्स लिटरली नथिंग देअर इन मे."

"काय म्हणते?"

"तिकडे काही नाही म्हणते."

"तिला म्हणावं, मनालीतही काही नव्हतं. आम्ही गेलोच नाही."

वाटेत कूमा गावात चहाला थांबलो. तिथून पुढे झाडं कमी होत जातात आणि पिवळ्या गवताची उघडी माळरानं लागतात. आईला तो भाग सासवडच्या बाजूचा वाटला. मी लागोपाठ पहाटेच्या शिफ्ट करून आले होते, बोलायची ताकद नव्हती. पुण्यात मी एका दैनिकाच्या डेस्कवर होते. इथे एका सरकारी खात्याच्या वेबसाइटसाठी सूचना तपासते: पूर, वणवे, रस्ते बंद. सहा महिने आईला घरात एकटी ठेवून कामावर जायचं आणि आल्यावर दोघींनी एकमेकींच्या थकव्याची चौकशी करायची, असं चाललेलं होतं. दोघी एकमेकींना कंटाळलो होतो. तसं म्हणायची पद्धत आमच्याकडे नाही.

तळ्याकाठी चालायला सपाट वाट आहे. कुत्रे फिरवणारी माणसं, एक सायकलवाला, पाण्यात गळ टाकून बसलेला एक म्हातारा. पलीकडे डोंगररांग. आई बाकावर बसली.

"तो पांढरा पट्टा?"

"ढग आहे."

"नीट बघून सांगतेस की मला गप्प करायला?"

थोड्या वेळाने तो पट्टा उजवीकडे सरकला. तिने तो सरकताना पाहिला. मग काठावरची पाटी वाचून मी सांगितलं की हे तळं म्हणजे धरण आहे आणि जुनं गाव याच पाण्याखाली आहे. गाव वर आणून पुन्हा वसवलं.

"देऊळ हलवलं का?"

"चर्च. माहीत नाही."

"पाटी वाचलीस ना?"

"पाटीवर नव्हतं."

"बातमीदार म्हणे," आई म्हणाली.

मी बातमीदार कधीच नव्हते, डेस्कवर होते. ते तिला इतक्या वर्षांत अनेकदा सांगून झालं होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी वरच्या डोंगरातल्या स्कीच्या गावाला निघालो. रस्ता वळणावळणाचा आहे. राखाडी खोडांची जळकी झाडं, मध्येच एखादा कांगारू. माझा बेत असा होता की चेअरलिफ्टने माथ्यापर्यंत जायचं. वर एखाद्या खोबणीत लवकर पडलेला बर्फ टिकून असतो, असं ऑफिसातल्या एका सहकाऱ्याने सांगितलं होतं. लिफ्टच्या तळाशी पोचलो तर खुर्च्या हवेत थांबलेल्या होत्या आणि साखळीला पाटी: सीझनपूर्व दुरुस्ती. ही पाटी त्यांच्या वेबसाइटवरही असणार. दिवसभर दुसऱ्यांसाठी अशाच सूचना तपासणाऱ्या मला ती पाहायचं सुचलं नव्हतं.

"बंद?" आईने विचारलं.

"बंद."

"बाबांनी काढलेलं तिकीट दिसतंय," ती म्हणाली आणि हसली. तिच्या हसण्याने मला बरं वाटलं नाही.

परत फिरायला मी गाडी वळवली, तेव्हा तिने काचेवर बोट ठेवलं. लिफ्टच्या पलीकडच्या उतारावर, हिरव्या-पिवळ्या गवताच्या मधोमध, पांढरा लांबट पट्टा होता. ढग नव्हता. त्याच्या दोन्ही बाजूंना खांबांवर मोठे पंखे बसवलेले आणि त्यातल्या एकातून पांढरी वाफ फवारली जात होती.

"आला की बर्फ."

"आई, तो मशीनचा आहे. सीझनसाठी आधीपासून करून ठेवतात. पाणी फवारतात, थंडीत ते गोठतं."

"तू अगदी बाबांसारखी आहेस. कोणी हरखलं की लगेच तपशील जोडायचा."

तरी ती उतरली. शाल, वर माझं जॅकेट, पायात मुलीचे बूट. एका हातात काठी, दुसऱ्या हातात माझा दंड. कोकमाची बाटली, वाटी आणि चमचा मी खांद्याच्या पिशवीत घेतला. गवत निसरडं होतं. दर थोड्या पावलांनी ती थांबायची आणि डोंगर पाहत असल्यासारखं दाखवायची. पट्ट्यापर्यंत पोचायला फार वेळ लागला. कडेला नारिंगी जाळी बांधलेली होती, पण खालच्या टोकाला बर्फ जाळीच्या बाहेर सांडला होता. आईने हातमोजा काढला आणि वाकता येत नव्हतं म्हणून मी मूठभर उचलून तिच्या तळहातावर ठेवला.

तिने तो दाबला. बोटांच्या मधून पाणी गळलं. तिने पुन्हा हात पुढे केला, मी पुन्हा दिला. हे तीनचार वेळा झालं. तिचा तळवा लाल झाला होता.

"वाटी काढ," ती म्हणाली.

तेवढ्यात वरून चार चाकांच्या क्वाड बाइकवर एक माणूस उतरला. पिवळं जॅकेट, कानांवर मशीनच्या आवाजासाठी घातलेली जाड झाकणं. रागावून आला असावा, पण आईला पाहून त्याने झाकणं गळ्यात घेतली.

"जाळीच्या आत येऊ नका, बाकी नो वरीज," तो म्हणाला.

आईने मला कोपराने ढोसलं. "विचार त्याला, पाणी कुठलं?"

मी विचारलं. तो म्हणाला, खालच्या ओढ्याचं. मी आईला सांगितलं.

"ओढा वाहता आहे ना?"

"वाहता आहे."

"मग चालेल."

तिने बाटलीचं झाकण फिरवायला घेतलं. त्या माणसाने बाटली पाहिली, वाटी पाहिली, मग माझ्याकडे पाहिलं. "खाणार आहेत का त्या?"

"थोडासा."

"मी तरी नाही खाणार," तो म्हणाला. "लवकर गोठावं म्हणून पाण्यात एक पावडर घालतो आम्ही. बहुतेक काही होत नाही. पण माझ्या आईला मी दिला नसता."

आई माझ्या तोंडाकडे पाहत होती. तिला इंग्रजी थोडं समजतं, पण या लोकांचं नाही. त्याने काय म्हटलं याबद्दल मला हवं ते सांगता आलं असतं. तो स्वतःच म्हणाला होता, बहुतेक काही होत नाही. मूठभर बर्फ, दोन चमचे कोकम, आणि तिचं एक काम झालं असतं. मी जसं होतं तसं सांगितलं, पावडरीसकट.

आईने झाकण परत घट्ट फिरवलं.

"म्हणजे बाजारातलाच," ती म्हणाली.

त्या माणसाने थँक्यूसारखं काहीतरी ऐकल्याप्रमाणे मान हलवली. मग त्याने आईला क्वाड बाइकवर मागे बसवून पार्किंगपर्यंत सोडलं. मी वाटी-चमचा घेऊन मागून चालत गेले. लांबून ती दिसत होती: काठी आडवी मांडीवर, शाल उडतेय, आणि परक्या माणसाला धरायचं नाही म्हणून दोन्ही हातांनी सीटची कड पकडलेली.

दुपार तळ्याकाठी भाड्याने घेतलेल्या केबिनमध्ये गेली. मी झोपले. उठले तेव्हा आई इलेक्ट्रिक किटलीत पाणी उकळत होती. चहासाठी असेल असं वाटलं. तिने ते उकळलेलं पाणी झाकून गार होऊ दिलं. मग घरून आणलेलं स्टीलचं ताट काढलं, दोनदा धुतलं, व्हरांड्यातल्या लाकडी टेबलावर ठेवलं आणि त्यात ते पाणी ओतलं. वर दुसरं ताट पालथं घातलं.

"हे काय?"

"रात्री गोठेल म्हणाला ना तो टीव्हीवरचा. शून्याच्या खाली."

"आई, आत फ्रीजर आहे."

"फ्रीजर पुण्यातही आहे."

जेवणं झाली. भाकरीबरोबर बटाट्याची भाजी होती. ती नेहमीपेक्षा लवकर झोपली. मला वाटत होतं की तिने दिवसाचा हिशोब मनात मिटवून टाकला आहे आणि आता फक्त सामान भरायचं राहिलं आहे.

सकाळी गाडीच्या काचेवर दव गोठलं होतं. व्हरांड्याच्या कठड्यालाही पांढरा लेप होता. ताटातलं पाणी वरून घट्ट झालं होतं, खाली थोडं हलत होतं. आईने ते वरचं ताट काढलं तेव्हा ते जरा अडकलं, मग सुटलं. तिने स्वच्छ पंच्यात तो पातळ थर गुंडाळला आणि लाटण्याने ठेचला. लाटणंही घरून आणलेलं होतं. मला ते माहीत नव्हतं.

काडी नव्हती. केबिनमधली कॉफी ढवळायची लाकडी पट्टी होती, तिच्याभोवती तिने चुरा दाबला. पुरता गोळा झाला नाही. एका बाजूने सुटत होता. त्यावर तिने कोकम ओतलं. लाल थेंब व्हरांड्याच्या फळ्यांवर पडले.

"घे," ती म्हणाली.

"तू घे. तुला पाहिजे होता ना?"

"मला कशाला? मी माहेरी असताना गाडीवरचे खूप खाल्ले. तुझ्या बाबांना कधी सांगितलं नाही." तिने गोळा माझ्या हातात दिला. "तुम्हा दोघांनाच नाही मिळाला. लवकर खा, गळतोय."

मी खाल्ला. दात शिवशिवले. कोकम जरा जास्त झालं होतं. ती पंचा पिळत उभी होती आणि मी संपवते की नाही हे पाहत होती. तळ्यावर धुकं होतं, डोंगर दिसत नव्हते.

"भावाला काय सांगू?" मी विचारलं.

"काही सांगू नकोस. त्याला पुण्यात देईन. फ्रीजरचा," ती म्हणाली. "त्याला काय कळतंय?"

उरलेलं कोकम तिने गाडीच्या दारात परत ठेवलं. ती ताटं धूत होती, मी काच खरवडत होते. परतताना कूमाच्या अलीकडेच ती झोपली.