मांडव दारात असताना

आमच्या घरी पेपरच्या आधी पत्रक यायचं. वडील तुर्भ्याच्या कारखान्यात होते आणि युनियनच्या पत्रकांच्या घड्या आमच्या नेरूळच्या खोलीत घातल्या जायच्या. अक्षरं मी त्यांच्यावरच शिकले. ‘लोकांनी आपले प्रश्न स्वतः मांडले पाहिजेत’ हे वाक्य मला पाढ्यांच्या आधी पाठ होतं.

आता तेच वाक्य मी पगार घेऊन बोलते. पत्रकात ते एका ओळीत मावतं. प्रत्यक्षात त्यासाठी भर उन्हात जासई गावाला जावं लागतं, समाजमंदिराची किल्ली कोणाकडे आहे ते शोधावं लागतं आणि पंखा चालत नसेल तर गप्प बसावं लागतं.

एक संस्था जासईत कंटेनर यार्डांजवळच्या घरांतल्या खोकल्याचा आणि दम्याचा अभ्यास करत होती. एरवी बाहेरची माणसं येतात, विचारतात आणि निघून जातात. या वेळी गावातल्याच बायका घरोघरी विचारणार होत्या. त्या संशोधनातल्या भागीदार, असं संस्थेनं लिहून दिलं होतं. त्यांना शिकवायचं काम माझं.

पहिल्या दिवशी सराव घेतला. एकीनं घरमालकीण व्हायचं, दुसरीनं मोबाईल घेऊन विचारायचं.

“काकी, तुमच्या घरात पंधरा दिवसांपेक्षा जास्त खोकला कोणाला आहे?”

“आदी बस तरी. पोलीस आल्यावानी काय इचारतेस?”

“ताईनं असंच शिकवलंय.”

“ताईचं लगीन नाय झालं अजून. तिला काय म्हाईत, दुसऱ्याच्या घरान कसं शिरायचं!”

सगळ्या हसल्या, मीही हसले. हे बोलणारी काकी बायकांमधली सर्वांत मोठी. यार्डाच्या भिंतीला लागून जी गल्ली आहे, तिथं तिचं घर, आणि विचारायला तीच गल्ली तिच्याकडे. त्या गल्लीत दुपारी वाळत घातलेली चादर संध्याकाळी करडी होते. भिंतीपलीकडे ट्रेलर रात्रंदिवस चालू असतात. खरं तर ती गल्ली नसती, तर हा अभ्यासच सुरू झाला नसता.

लग्नसराईत घरोघरी विचारून झालं. माहिती मोबाईलमधून थेट संस्थेकडे गेली आणि एका सकाळी अभ्यासाच्या प्रमुख डॉक्टर मॅडमनी मला बोलावलं. पडद्यावर गावाचा नकाशा होता. खोकल्याची घरं लाल, बाकीची हिरवी. भिंतीकडची गल्ली सगळी हिरवीगार.

“यार्डाला चिकटून राहतात आणि एकही खोकत नाही?” मॅडम म्हणाल्या. “मी आधीच सांगत होते. गावातल्या लोकांना विचारायला लावलं की असं होतं. आता हे असंच छापायचं, नाहीतर त्यांचं सगळं काम बाजूला ठेवायचं.”

असंच छापलं, तर यार्डवाले तो नकाशा फ्रेम करून लावतील. बाजूला ठेवलं, तर पुन्हा कुणी गावातल्या बायकांच्या हातात मोबाईल देणार नाही. मला मॅडमवर ओरडायचं होतं. पण त्या गल्लीत मी स्वतः चहा प्यायले होते आणि चहा संपेपर्यंत काकीच्या नवऱ्याचा खोकला ऐकला होता. त्याच्या नावापुढेही ‘नाही’ होतं.

मी जासईला गेले. काकीच्या दारात मांडव अजून उभा होता, आंब्याचे डहाळे सुकून वळले होते. मुलाचं लग्न होऊन गेलं होतं. आत नवी सून भांडी लावत होती आणि ओट्यावर काका खोकत होते.

“काकी, हे काय? काकांच्या नावापुढे ‘नाही’?”

तिनं झटकन माझा हात धरला आणि मला मांडवाच्या बाहेर, पार रस्त्यावर नेलं.

“मांडवाखाली दुखन्याचं नाव काडतेस? एवडी शिकलीस ना गं तू?”

तेव्हा उलगडलं. दारात मांडव असेपर्यंत आजाराचं नाव तोंडातून काढायचं नसतं. गल्ली सगळी एका भावकीची, त्यामुळे एका घरचा मांडव म्हणजे सगळ्यांचा मांडव. तिनं कुणालाच विचारलं नव्हतं.

“मग उत्तर रिकामं सोडायचं.”

“तुजा मोबाईल सोडतो का? हो म्हन नाय तर नाय म्हन, तवा फुडं जातो. म्हटलं, आता नाय दाबते, मांडव उतरला की खरं सांगू. खोकला काय पलून चाललाय?”

मी मॅडमना सगळं सांगितलं. मांडव उतरल्यावर त्या गल्लीत पुन्हा जाऊ द्या, एवढंच मागितलं. त्या वाईट नाहीत, थकलेल्या आहेत. विचारायची मुदत संपली, अहवाल पाठवायचा आहे, नियम सगळ्यांना एकच, असं त्या म्हणाल्या. मी पत्रकाच्या भाषेत बरंच बोलले. शेवटी एवढंच पदरात पडलं: बायकांचं बाकी काम अहवालात राहील आणि ती गल्ली हिरवी न दाखवता पांढरी दाखवतील. पांढरी म्हणजे विचारलेलंच नाही.

काकीला फोन करून सांगितलं. तिनं सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, “पांडरी तर पांडरी. नाय म्हनन्यापरीस बरी.”

अहवाल गावापुढे ठेवायच्या दिवशी समाजमंदिर बऱ्यापैकी भरलं होतं. मॅडम बोलल्या, टाळ्या वाजल्या. भिंतीकडच्या गल्लीतले लोक तिथं टांगलेल्या छापील नकाशापाशी जाऊन आपापलं घर शोधू लागले.

“आमी कुठं हाव यात?” एका म्हाताऱ्यानं विचारलं. “मेलो का आमी?”

कुणी हसलं नाही. मॅडम माझ्याकडे बघत होत्या. तेवढ्यात काकी उठली.

“मी नाय इचारलं, म्हनून पांडरं हाय. घरान लगीन होतं.” मग ती गल्लीवाल्यांकडे वळली. “आता मांडव उतरलाय. माजा नवरा गेल्या पावसापासून खोकतोय. तुमच्याकडं कोन?”

मग एका सुनेनं सासूकडे बघत हात वर केला. त्यानंतर म्हाताऱ्यानं.

“हे अहवालात घेता येणार नाही हं,” मॅडम माझ्या कानाशी म्हणाल्या. आवाजात राग नव्हता. त्यांना पुढच्या गावाला जायचं होतं, त्या निघाल्या.

मी थांबले. माझे पाय दुखत होते आणि शेवटची बस चुकणार हे दिसत होतं. काकीनं माझ्या हातातला लाल मार्कर मागून घेतला, नकाशावर आपलं घर शोधलं आणि ते रंगवलं. मग मागे न बघता म्हणाली, “हां, बोला. फुडचं घर?”