कोंबडीचा ढग

ऑफिसात त्याला सगळे ढग्या म्हणत. मोबाइलवरच्या खेळांसाठी तो आभाळं रंगवायचा. खाली खेळाडू एकमेकांना बदडत असायचे आणि वर ढग्याचा सूर्य सावकाश मावळत असायचा. खरा सूर्य मावळायचा तेव्हा हा पडदे ओढलेल्या खोलीत स्क्रीनला नाक लावून बसलेला. साहेबांचं पालुपद ठरलेलं, "छान आहे हं, छानच आहे, पण अजून जरा... म्हणजे... कळतंय ना तुला?" ढग्याला काडीचं कळायचं नाही. तो चिमूटभर केशरी वाढवायचा. "हां! बघ, कळलं की नाही!"

घरी ही थाप चालायची नाही. घरी अप्पा होते, त्याचे वडील. चाळीस वर्षं लोकांच्या भिंती रंगवलेले रंगारी. जुन्या घराच्या गच्चीवर त्यांनीच त्याला शिकवलेलं, "मावळतीला ढगाचं पोट पेटतं, पाठ नाही. सूर्य खाली, तर उजेड खालनंच येणार. पाठीवर ऊन टाकलंस की झाली दुपार, गाढवा!" तेव्हा रोज संध्याकाळी अप्पा ब्रश रॉकेलमध्ये बुडवून ठेवायचे आणि आई चहा घेऊन वर यायची.

आता आई नव्हती, गच्ची नव्हती. तळमजल्यावरच्या खोलीची खिडकी शेजारच्या भिंतीवर उघडायची. "ही कुणी रंगवली रे? झाडूनं?" अप्पा रोज विचारायचे. मग एक दिवस विचारेनासे झाले. डावा डोळा आधीच गेला होता. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, उजव्यातलं उरलंसुरलं महिनाभर टिकलं तर टिकलं.

"गच्चीवरची एक संध्याकाळ बघायची होती," अप्पा एवढंच म्हणाले.

ढग्या कामाला लागला. गच्चीवरच्या आभाळाचा त्याच्याकडे एकच फोटो होता, तोही सकाळचा. त्यानं तो समोर ठेवून ढग जसेच्या तसे काढले. क्षितिजावर दिवसभराची धूळ चढवली, ढगांची पोटं पेटवली, निळ्यात जांभळा मुरवला. सकाळची संध्याकाळ झाली. साहेबांनी मागून पाहिलं आणि पहिल्यांदाच 'पण' म्हटलं नाही.

रविवारी त्यानं टॅबचा स्क्रीन अप्पांच्या नाकापाशी धरला. अप्पांनी उजवा डोळा बारीक केला, मान तिरकी केली.

"रंग पक्का बसलाय." मग त्यांचं बोट कोपऱ्यात गेलं. "पण ही कोंबडी इथं काय करतेय?"

ढग्यानं त्या ढगाकडे पाहिलं. शेपूट वर, चोच खाली. त्या सकाळी आईनंच हाका मारून त्याला गच्चीवर नेलं होतं, "अरे ऊठ, आभाळात कोंबडी बसलीय! अंडं घालायच्या आत फोटो काढ!" तिघंही पोट धरून हसले होते. त्याच दिवशी दुपारी बसल्याबसल्या आई गेली. ढग्यानं सगळा उजेड फिरवला होता, ढगाचा आकार बदलायचं तेवढं राहून गेलं.

"ती सकाळ नको रे मला," म्हणून अप्पांनी भिंतीकडे तोंड केलं.

ढग्यानं कोंबडी वेगळ्या लेअरवर, म्हणजे चित्राच्या वेगळ्या थरावर घेतली आणि तो थर लपवायला लेअरच्या नावापुढचा चिमुकला डोळा मिटला. कोंबडी दिसेनाशी झाली. पुसून टाकायला मात्र हात धजावला नाही. तिच्या जागी त्यानं पिंजलेल्या कापसासारखे विरळ ढग काढले. दिवसा ऑफिस, पहाटे उठून हे. त्यात आठ दिवस गेले.

"धरू का अप्पा?"

"धर की."

त्यानं स्क्रीन धरला. अप्पा बरंच डावीकडे बघत होते.

"अप्पा, इकडे."

"इकडेच तर बघतोय."

ढग्यानं हळूच स्क्रीन डावीकडे सरकवला. अप्पांची नजर हलली नाही.

"कोंबडी काढलीस का रे?"

"काढली."

"राहू द्यायची होतीस. किती हसली होती तुझी आई."

ढग्यानं स्क्रीनवरच्या त्या मिटलेल्या चिमुकल्या डोळ्यावर बोट ठेवलं. कोंबडी परत येऊन बसली.

"आहे अप्पा. बसलीय कोपऱ्यात."

"पोट पेटलंय का तिचं?"

"पेटलंय."

"आणि पाठ?"

"पाठ काळोखात आहे."

"मग बरोबर आहे," अप्पा भिंतीकडे बघत म्हणाले.