व्हर्नाबाईंची पाच बोटं

पुलाच्या मध्यावर आलो तेव्हा व्हर्नाबाई थांबल्या आणि कठड्याला टेकल्या. इतक्या वर्षांत त्या वाटेवर त्या कधी थांबल्याचं मला आठवत नव्हतं. ग्रंथालयाच्या तळघरापासून मोठ्या पोस्टापर्यंत दोन मैल, आणि आम्ही निम्म्यावर होतो. कराचे कागद टपालात टाकायचा तो शेवटचा दिवस, पुढे सात-आठ विद्यार्थी आपापली पाकिटं छातीशी धरून चालले होते. नदी मोकळी झाली होती, पण रस्त्याकडेला बर्फाचे काळे ढीग तसेच होते. मिनेसोटात एप्रिल असाच असतो.

"दम लागला?" मी विचारलं.

"दम कसला लागतोय. त्यांना पुढे जाऊ दे. तुझ्याशी बोलायचंय."

काय बोलायचं असेल ते मला ठाऊक होतं. दहा दिवसांपूर्वी त्यांच्या हातून झालेली एक चूक मी गुपचूप निस्तरली होती.

तिथे लहानथोर सगळे एकमेकांना नावानेच हाक मारतात, मीही त्यांना व्हर्नाच म्हणायचे. पण लिहायला बसलं की 'बाई' लावल्याशिवाय माझं पेन पुढे जात नाही. व्हर्ना टोलेफसन. एकतीस वर्षं त्या गावच्या पोस्टात खिडकीवर होत्या. निवृत्त झाल्यावर फेब्रुवारीपासून एप्रिलपर्यंत दर शनिवारी ग्रंथालयाच्या तळघरात बसून विद्यापीठातल्या परदेशी मुलामुलींचे कराचे कागद भरून द्यायच्या. एक छदाम घ्यायच्या नाहीत. कोणी काही आणलंच, तर डबा उघडून वाट पाहणाऱ्यांच्या टेबलावर ठेवायच्या. माझे बेसनाचे लाडूही तिथेच गेले.

मी पहिल्यांदा गेले ती नवऱ्याबरोबर. ते तिथे पीएच.डी. करत होते आणि मी त्यांच्या व्हिसावर आलेली. त्यांचे कागद झाल्यावर व्हर्नाबाईंनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं.

"हिचा कागद कुठाय?"

"ती काही कमवत नाही," आमचे हे म्हणाले.

"किती कमावलं ते हा कागद विचारतच नाही. वर्षभर ही कुठे होती एवढंच विचारतो. होती ना इथे?"

ही चूक आमच्यातली सगळीच जोडपी करायची. बायकोला पगार नाही, म्हणजे बायकोला कागद नाही. व्हर्नाबाईंनी माझा पासपोर्ट मागून घेतला, शिक्के पाहिले, आणि मी आल्यापासूनचे दिवस माझ्याकडूनच मोजून घेतले. शेवटी सही करायला मला स्वतःचं पेन दिलं. त्या देशात येऊन चौदा महिने झाले होते. तोवर माझ्या नावाने कोणी काही विचारलं नव्हतं. त्या रात्री देवाजवळ दिवा लावताना मी त्या बाईचं नाव घेतलं, एवढं आठवतं.

त्यांची मोजायची रीत ठरलेली होती. विद्यार्थी परका की कराच्या हिशेबी इथला, हे आधी ठरवावं लागतं, कारण दोघांचे कागद वेगळे. त्या मुलांना पंजा टेबलावर पसरायला लावायच्या. एक वर्ष, एक बोट. पाच बोटं मिटेपर्यंत पाहुणा, सहाव्या वर्षी घरचा. आणि हजार वेळा सांगायच्या, "डिसेंबरातला एक दिवस म्हणजे आख्खं वर्ष. एकतीस तारखेला उतरलास तरी ते बोट मिटायचं." मुलं हसायची, पण विसरायची नाहीत.

तळघरातल्या या कामाचे प्रमुख लायल. हायस्कुलात चाळीस वर्षं गणित शिकवून निवृत्त झालेले. ते चिडवायचे, "व्हर्ना, आता यंत्र मोजतं हे सगळं."

"तुझं यंत्र आत काय घालशील तेच बाहेर काढतं, लायल. बोट खोटं बोलत नाही."

"सांधे दुखायला लागले की तेही बोलेल."

"मग तुझी उसनी घेईन. गणिताच्या मास्तरांची वापरली कुठे जातात?"

पुढे आम्हाला तिथे कायमचं राहायची परवानगी मिळाली तेव्हा व्हर्नाबाईंनीच मला परीक्षेला बसवलं. तिथे फुकट काम करायचं तरी दर हिवाळ्यात परीक्षा द्यावी लागते. इंग्रजीच्या भीतीने मी रामरक्षा म्हणत गेले आणि पास झाले. तेव्हापासून मी तपासनीस. एकाने भरलेला कागद दुसऱ्याने तपासल्याशिवाय बाहेर जायचा नाही. चूक सापडली तर त्यावर निळी चिठ्ठी लावायची आणि ज्याने भरला त्याच्यापुढे परत ठेवायचा. त्यानेच सुधारायचा. यात लाज नव्हती. माझ्या पहिल्या वर्षी व्हर्नाबाईंनी माझ्यापुढे चौदा निळ्या चिठ्ठ्या ठेवल्या होत्या, आणि प्रत्येक वेळी, "अगं, शिकतेयस," एवढंच.

दहा दिवसांपूर्वी माझ्या हातात आयझादाचे कागद आले. किर्गिझस्तानची मुलगी, अबोल. पासपोर्टावरचा पहिला शिक्का एकोणतीस डिसेंबरचा. व्हर्नाबाईंनी पुढच्या जानेवारीपासून मोजलं होतं. एक बोट सुटलं होतं. पोरगी घरची झाली होती आणि कागद पाहुणीचे भरले होते. त्याच अवस्थेत सही करून गेली असती, तर पुढे कायमचं राहायला अर्ज करताना ते निस्तरणं तिलाच भारी पडलं असतं.

मी निळी चिठ्ठी हातात घेतली. समोर व्हर्नाबाई एका मुलीला पंजा पसरायला सांगत होत्या. अठ्ठ्याहत्तर वर्षांचा चेहरा, आणि काय तो आनंद. लायल पाठीमागेच उभे होते. गेल्या हिवाळ्यात व्हर्नाबाई परीक्षेत दुसऱ्या खेपेला पास झाल्या होत्या, आणि यंदा त्यांना कागद भरायला बसवावं की नाही यावर बोलणं झालेलं मला ठाऊक होतं. मी चिठ्ठी ड्रॉवरमध्ये टाकली. आयझादाला बाजूला घेऊन कागद नव्याने भरले, आणि तपासायला लायलना न देता दुसऱ्या एका नवख्या बाईंना दिले.

आता पुलावर वारा सुटला होता. व्हर्नाबाईंनी थर्मासमधली कॉफी झाकणात ओतून आधी माझ्यापुढे केली.

"निघताना मी पाकिटं पाहिली. तिकिटं बरोबर आहेत का, पत्ते बरोबर आहेत का," त्या म्हणाल्या. "परक्यांचे कागद सगळे टेक्सासला जातात. आयझादाचं एकटीचं पाकीट दुसरीकडे चाललंय."

मी कॉफीचं झाकण हातात घेतलं.

"एकतीस वर्षं पत्तेच वाचले गं मी. तुला वाटलं, ही एवढं वाचणार नाही?"

"मला वाटलं, तुम्हाला वाईट वाटेल."

"वाटलं ना. चूक झाली म्हणून वाटलंच. पण निळी चिठ्ठी नाही मिळाली, त्याचं जास्त वाटलं." त्यांनी उजवा पंजा उघडला, त्याच्याकडे पाहिलं. "तू मला पाहुणी केलंस, शैला."

खालून नदीचं पाणी बर्फाचे तुकडे घेऊन जात होतं. मी माफी मागितली, ती त्यांनी हाताने उडवून लावली.

पुढे पुलाच्या टोकाशी आयझादा आमच्यासाठी थांबली होती. पोस्टात खिडकीवर गोल शिक्का मारून घ्यायचा आणि तो बसताना आपल्या डोळ्यांनी पाहायचा, हा व्हर्नाबाईंचा नेम मुलांच्याही अंगवळणी पडला होता. हल्ली ते सगळे कागद संगणकावरून जातात. पुलावरून पाकिटं घेऊन कोणी चालत नाही. पण एप्रिल आला की मला ती वाट आठवते, आणि थर्मासच्या झाकणातली ती बिनसाखरेची कॉफी.

त्या दिवशी ती कॉफी मी संपवेपर्यंत व्हर्नाबाई थांबल्या. मग झाकण पुसून लावलं, माझ्या दंडाला धरून निघाल्या, आणि चालता चालता, समोर बघत, म्हणाल्या,

"पुढच्या वर्षी परीक्षा देईन. पास झाले तर बसेन. पण माझे कागद तूच तपासायचे. चूक सापडली की चिठ्ठी लावून माझ्यापुढे ठेवायची, लायल बघत असला तरी. आणि डिसेंबराचं बोट मी परत विसरले, तर चिठ्ठीही नको. सरळ येऊन माझ्या हातातलं पेन काढून घे आणि माझ्या खुर्चीत बस. ते पेन दुसऱ्या कोणाला घेऊ देऊ नकोस. करशील एवढं?"