बॉनेटवरची वर्तुळं

मोटार घरी आली तेव्हा मला मुरुडला सासरी येऊन दोनेक वर्षं झाली असतील. ह्यांचा दवाखाना घराच्याच पुढच्या खोलीत होता. आसपासच्या गावांतून बोलावणं आलं की सायकल, नाहीतर कुणाची बैलगाडी. पावसाळ्यात दोन्हींचे हाल. शेवटी ह्यांनी मुंबईच्या एका व्यापाऱ्याकडून जुनी काळी मोटार विकत घेतली आणि रोह्याकडून घाटरस्त्याने स्वतः चालवत आणली. दारात उभी राहिली तेव्हा ती नखशिखान्त लाल धुळीने माखलेली होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी अंगणात गेले तर मामंजी तिला पुसत होते.

मामंजी म्हणजे माझे सासरे. पोस्टमास्तर म्हणून निवृत्त झालेले. सारा गाव त्यांना मास्तर म्हणे. सासूबाई माझ्या लग्नाआधीच गेल्या होत्या, त्यामुळे घरात आम्ही तिघंच. स्वभावाने ते रागीट मुळीच नव्हते, पण उभा जन्म पोस्टाच्या जाळीआडून बोलल्यामुळे असेल, विचारलं तेवढ्याचंच उत्तर द्यायची त्यांना सवय लागली होती. सुनेशी काय बोलायचं हे तर त्यांना कधी कुणी शिकवलंच नव्हतं. ‘चहा झाला का?’ ‘पाऊस येईलसं दिसतं.’ एवढ्यावर आमचं भागत असे.

मोटार आली आणि त्यांना काम मिळालं. आमचं घर समुद्रापासून हाकेच्या अंतरावर. रात्रभर वारा वाहिला की सकाळी खिडकीच्या गजांवर, तुळशीच्या पानांवर, सगळीकडे खारट चिकट थर बसलेला असे, त्यात बारीक वाळू. मोटारीवरही तो बसे. मामंजी जुन्या धोतराचं मऊ फडकं घेत आणि सगळी गाडी कोरडीच पुसून काढत. आधी टप, मग बॉनेट, मग मडगार्ड. पाणी वापरत नसत, कारण पाण्याने पत्रा गंजतो असं त्यांना वाटे. देवपूजेला लागायचा तेवढाच वेळ या कामाला लागायचा.

एका हिवाळ्यात मी अंगणात कडवे वाल वाळत घालत होते. ऊन तिरपं होतं. मोटारीच्या बॉनेटमध्ये सूर्य दिसत होता आणि त्याच्याभोवती कोळ्याने विणावं तसं बारीक, चकाकत्या धाग्यांचं गोल गोल जाळं होतं. वर्तुळात वर्तुळ, त्यात आणखी वर्तुळ. मी बोट फिरवून पाहिलं. हाताला काहीच लागलं नाही.

मी एक पाऊल बाजूला सरकले, तर ते जाळंही सरकलं. परत आले, तेही परत आलं. मी मान डावीकडे नेली, उजवीकडे नेली. ओरखडे पत्र्यावर असतील तर ते माझ्याबरोबर चालतील कसे? मी लग्नाआधी कॉलेजात सायन्सला एक वर्ष काढलं होतं. प्रकाशावरचे धडे आवडीने वाचले होते, पण असलं काही त्यांत आल्याचं मला आठवेना.

“काय बघतेस?”

मागे मामंजी उभे होते. सून मोटारीसमोर माना वेळावते आहे, हे त्यांनी किती वेळ पाहिलं कोण जाणे. मी पदर सावरला आणि म्हटलं, “मामंजी, इथे सूर्याभोवती वर्तुळं दिसतात. आणि ती हलतात.”

ते शेजारी येऊन उभे राहिले. चष्मा कपाळावर केला, मग परत डोळ्यांवर घेतला.

“दिसतात खरी,” ते म्हणाले. थोड्या वेळाने त्यांनी बॉनेटवर बोट टेकवलं. “माझं वर्तुळ इथे आहे. तुझं कुठे?”

मी माझं बोट टेकवलं. दोन बोटांत चांगलं वीतभर अंतर होतं.

त्या क्षणी मामंजींच्या चेहऱ्यावर जे आलं ते मी त्याआधी कधीच पाहिलं नव्हतं. पंगतीत आवडता पदार्थ अचानक पानात पडावा, तसा चेहरा. ते तडक घरात गेले आणि पंचांगातली बारीक अक्षरं वाचायचं आपलं भिंग घेऊन आले. भिंगातून बॉनेट पाहिलं तर वर्तुळ कुठेच नव्हतं. होत्या त्या केसाहून बारीक रेघा, उभ्या, आडव्या, तिरक्या, हव्या तशा एकमेकींवर पडलेल्या.

“रेघा सरळ, मग गोल दिसतं कसं?” ते म्हणाले. प्रश्न मला होता. जाळीआडचा माणूस बाहेर आला होता.

पुढचे काही दिवस आम्हा दोघांना दुसरा उद्योग सुचला नाही. मी घासलेली पितळी ताटली उन्हात धरली, तिच्यावरही जाळं निघालं. मामंजींनी माळ्यावरून डब्याचं एक जुनं झाकण काढलं आणि राखेने ते फक्त उभं उभं घासलं. त्या झाकणात सूर्याभोवती वर्तुळ पडलं नाही, नुसता एक आडवा झगझगीत पट्टा दिसला. मग त्यांनी तेच झाकण सगळीकडून घासलं आणि वर्तुळ आलं. तेव्हा आमच्या लक्षात आलं. रेघा चहूकडे असतात, पण सूर्याच्या प्रतिबिंबाभोवती ज्या आडव्या पडलेल्या असतात तेवढ्याच चमकतात, बाकीच्या दिसत नाहीत. चमकणाऱ्या रेघा डोळा जोडून घेतो आणि त्यांचं जाळं होतं. माणूस हलला की प्रतिबिंब हलतं आणि चमकायची पाळी दुसऱ्या रेघांवर येते.

“म्हणजे ज्याचं त्याचं वर्तुळ वेगळं,” मामंजी म्हणाले आणि समाधानाने हसले. मग हातातल्या झाकणाकडे पाहता पाहता त्यांचं हसू मावळलं.

“राखेने झाकणावर रेघा आल्या,” ते हळू म्हणाले. “मोटारीवर त्या कशाने आल्या?”

दोरीवर त्यांचं फडकं वाळत होतं. त्यांनी ते काढलं, तळहातावर झटकलं. तळहातावर चिमूटभर वाळू पडली.

“रोज ह्याने घासलं मी तिला,” ते म्हणाले.

दुसऱ्या दिवशी त्यांनी मोटार पुसली नाही, तिसऱ्या दिवशीही नाही. ह्यांनी जेवताना विचारलं, “अण्णा, गाडीवर धूळ बसलीय. बरं नाही का तुम्हाला?” “आज दव फार होतं,” एवढंच ते म्हणाले. भिंग पेटीत गेलं. आमचं बोलणंही पुन्हा चहा आणि पावसावर आलं. मला फार चुटपुट लागली. ते जाळं मी त्यांना दाखवलंच नसतं तर बरं, असंही वाटलं. पण मग ते चार दिवसही आले नसते.

मोंबासाहून परत आलेल्या एका गृहस्थांची आठवण मला दवाखान्यात झाली. गावातल्या मुसलमान मोहल्ल्यातले कितीतरी लोक जहाजावर, आफ्रिकेत कामाला असत. हे गृहस्थ तिकडे मोटारींचं गॅरेज चालवत आणि आईच्या आजारपणासाठी काही महिने घरी आले होते. आईचं औषध न्यायला ते नेहमी येत. बोलायची दांडगी हौस. त्या दिवशी मी औषधाची बाटली देता देता त्यांना वर्तुळांचं विचारलं.

“वहिनी, ती निघतात,” ते म्हणाले. “माझ्याकडे पॉलिशचं मशीन आहे. इथे आणलंय सोबत. का आणलं विचाराल तर मलाच ठाऊक नाही. तिकडे ठेवून यायला जीव होईना.”

आमच्या आळीत वीज नुकतीच आली होती. एका दुपारी ते मशीन घेऊन आले. दवाखान्याच्या खिडकीतून वायर बाहेर काढली. हातोडीच्या डोक्यासारखं जाड यंत्र, धरायला दोन मुठी आणि पुढे गरगर फिरणारी मेंढीच्या लोकरीची गादी. सोबत करड्या मलमाचा डबा, त्याला ते कंपाउंड म्हणत. त्यांनी आधी मोटार भरपूर पाण्याने धुऊन घेतली. मामंजी ओसरीवरून पाहत होते. गंजेल, असं त्यांच्या ओठांवर आलेलं मला दिसलं.

मशीन सुरू झालं तसा सगळ्या आळीत घोंघाट पसरला. डिकीच्या एका कोपऱ्यावर त्यांनी ते फिरवलं, आणि पांढरी लोकर बघता बघता काळी झाली. मामंजी ताडकन खाली आले.

“अहो, रंग निघतोय.”

“निघायलाच हवा, मास्तर,” ते मशीन थांबवून म्हणाले. “रेघ म्हणजे खड्डा. खड्डा भरत नाही. आजूबाजूचा रंग तेवढा खाली आणायचा, म्हणजे खड्डा उरत नाही.”

“घासून झालेलं घासूनच काढायचं?”

“होय. पण ह्या मलमाचे कण वाळूपेक्षा बारीक. तेही रेघा पाडतात, पण तुमच्या-माझ्या डोळ्यांना न दिसणाऱ्या.”

मामंजी घरात गेले आणि पेटीतून भिंग काढून घेऊन आले. कोपऱ्यावर वाकून त्यांनी बराच वेळ पाहिलं. “रेघा नाहीत,” ते मला म्हणाले. “तू बघ.” मीही पाहिलं. काळ्या रंगात भिंग धरलेला माझा हात स्वच्छ दिसत होता.

त्यानंतर ते मशीनपासून हललेच नाहीत. एकाच दिशेने का फिरवत नाही, गादी तिरकी का धरत नाही, पत्रा तापतो का, असं विचारत राहिले. गॅरेजवाल्यांना तर असाच श्रोता हवा होता. एकदा त्यांनी मामंजींच्या हाती मशीन दिलं. मामंजींनी बॉनेटचा मधला भाग केला, ओठ घट्ट मिटून, पोस्टात तारेची टकटक ऐकत असल्यासारखे.

पुढचं मडगार्ड गॅरेजवाले करत असताना विजेचा जोर एकदम वाढला. तिथे जोर कमीजास्त होतच असे. इतका वेळ संथ फिरणारी गादी वेगाने फिरली आणि मडगार्डच्या कडेवर घासली गेली. त्यांनी मशीन उचलेपर्यंत काळा रंग उडाला होता. रुपयाएवढा डाग, आणि तो पत्र्याच्या रंगाचा नव्हता. डाळिंबाच्या दाण्यासारखा गडद लाल होता.

“कडेवर रंग पातळ असतो,” गॅरेजवाले पुटपुटले. “मला कळायला हवं होतं. मास्तर, माफ करा.”

मामंजी डागावर भिंग धरून बसले होते. “हा अस्तराचा रंग का?”

गॅरेजवाले वाकले. नखाने कड तपासली. “नाही. अस्तर त्याच्याखाली आहे. मास्तर, ही गाडी आधी लाल होती.”

मोटार पहिल्यापासून काळीच आहे, कधी रंगवलेली नाही, असं त्या व्यापाऱ्याने ह्यांना सांगितलं होतं. संध्याकाळी हे एका रोग्याकडून सायकलवरून परत आले. बॉनेटमध्ये नारळीची झावळी न् झावळी दिसत होती. पण ह्यांचं लक्ष आधी डागावर गेलं. आम्ही तिघं शाळेतल्या मुलांसारखे उभे होतो. ह्यांना राग आला, पण तो गॅरेजवाल्यांवर धरवेना, म्हणून व्यापाऱ्यावर गेला.

“खोटं सांगून गळ्यात मारली,” हे म्हणाले. “कुठे तरी आपटली असेल, म्हणून रंगवली.”

“आपटलीच असेल कशावरून?” मामंजी म्हणाले. “कुणाच्या घरी सुतक आलं असेल. कुणाला लाल रंग दृष्टीला नको झाला असेल. आपल्याला काय ठाऊक?” इतकं सलग बोललेले ते ह्यांनीही कधी ऐकले नसावेत. हे वडिलांकडे पाहतच राहिले, मग पाय धुवायला आत गेले.

डागावर गॅरेजवाल्यांनी दुसऱ्या दिवशी काळा रंग लावून दिला. तो जरा वेगळाच दिसे. काही आठवड्यांनी ते मोंबासाला परतले. जाताना मशीन बरोबर नेलं, पण मलमाचा डबा मामंजींना देऊन गेले.

ते गेले तरी मामंजींचा हात मोटारीकडे वळेना. एका सकाळी मीच विहिरीवरून दोन बादल्या आणल्या, जुन्या लुगड्याचं फडकं भिजवलं आणि त्यांच्या हातात दिलं. “आधी पाणी ओतायचं, वाळू वाहून जाऊ द्यायची,” मी म्हटलं. “मग पुसायचं.”

“तू ओत,” ते म्हणाले.

मी तांब्याने पाणी ओतत गेले आणि ते मागून फडकं फिरवत गेले. बाजाराला निघालेल्या दोघी-तिघी बायका फाटकाशी थबकल्या. मास्तरांची सून भर अंगणात सासऱ्याबरोबर मोटार धूत होती. मी तांब्या खाली ठेवायला लागले.

“थांबू नकोस,” मामंजी त्यांच्याकडे न बघता म्हणाले. “टपावर अजून वाळू आहे. आणि मला सांग, पाण्याचा थेंब इथे गोलच का राहतो? पसरत का नाही?”

मी तांब्याने आणखी थोडं पाणी ओतलं, आणि आम्ही दोघं थेंबाकडे पाहू लागलो.