फाटकाजवळच्या वेण्या

राजाजीनगरातल्या आमच्या शाळेत तुंगाबाई आया आहेत. मुलांनी केस बारीक कापायचे आणि मुलींनी दोन वेण्या वर दुमडून काळ्या रिबिनीने बांधायच्या, असा शाळेचा नियम. फाटकात मोकळे केस दिसले की तुंगाबाई त्या मुलीला स्टुलापुढे पाठमोरी उभी करतात, "हलू नको" म्हणतात आणि कंगवा चालवतात. नावगाव विचारायच्या भानगडीत पडत नाहीत.

जूनमध्ये पहिलीत हर्ष आला, तेव्हा ही सवय नडली. कमरेपर्यंतचे केस पाहून तुंगाबाईंनी दोन वेण्या घातल्या आणि त्याला मुलींच्या रांगेत उभा केला. हजेरीच्या वेळी घोटाळा उघडकीला आला आणि वर्गात हशा पिकला. वर्गशिक्षिका मी, त्यातून नाही त्या चौकशा करायची मला खोड. मी लगेच त्याच्या आईला, गंगव्वाला, बोलावून घेतलं.

माणसं चिक्कोडीकडची. "दोन लेकरं गेली, मग ह्यो जगला," ती म्हणाली. "देवाला बोललोय, माघातल्या जत्रंत केस द्यायचं. तवर कात्री लावायची न्हाई."

मुख्याध्यापिका वसुमती मॅडमनी साफ सांगितलं, केस कापा, नाहीतर दुसरी शाळा बघा. गंगव्वाने मुलाचं दप्तर उचललं.

तेव्हा तुंगाबाई मध्ये पडल्या. "मॅडम, स्वल्प थांबा. रोज मी बांधते. सुटलेले दिसले तर पाठवा घरी."

मॅडमनी हर्षला वळवून वेण्या न्याहाळल्या. "आणि तुम्हीच आला नाहीत तर?"

"येते की."

"सरी, चालेल. पण जत्रेपर्यंतच," मॅडम म्हणाल्या.

आता गंमत अशी, की दांडी मारण्यात तुंगाबाईंचा हात धरणारं शाळेत कोणी नव्हतं. या किती टिकतात ते बघायला मी रोज फाटकाशी रेंगाळू लागले. पण पावसाळ्यात तापाने बोटं आखडली तरी त्या आल्या. गाठ बसेना, म्हणून रिबीन दातांत धरून ओढली.

वेण्या घालताना दोघांच्या गप्पा चालत. मी कान देऊन ऐकायचे.

"अज्जी, देव एवढ्या केसांचं काय करतो?"

"मला काय ठाऊक? जत्रेला जाशील तेव्हा विचारून ये. हलू नको."

खरं तर मलाही ते जाणून घ्यायचं होतं.

माघ आला, जत्रा झाली. सोमवारी हर्ष शाळेत आला तो गुळगुळीत डोक्याने.

"विचारलंस?" तुंगाबाई म्हणाल्या.

"विचारलं. देव काही बोलला नाही."

एवढं सांगून तो रोजच्यासारखा स्टुलापुढे पाठमोरा उभा राहिला. बाईंच्या हातात कंगवा होताच. त्यांनी तो खाली ठेवला. मागे दोन मुली केस सोडून ताटकळत होत्या. बाईंनी तळहातावर खोबरेल ओतलं आणि त्या तुळतुळीत डोक्यावर सावकाश चोळू लागल्या.

"हलू नको," त्या म्हणाल्या.