अक्काची अकरा जायफळं

आमची सुंदरअक्का म्हणजे माझी थोरली जाऊ. अमळनेरात मुलीचं लग्न ठरलं की हॉलच्या आधी अक्काला गाठावं लागतं, कारण तिच्यासारखं रुखवत दुसऱ्या कुणाला जमत नाही. बाकीच्या बाया थर्माकोलचे राजवाडे करतात. अक्का मसाल्यांचं देऊळ करते. दालचिनीचे खांब, लवंगांची जाळी आणि वर अकरा जायफळांचा कळस. देऊळ मांडलं की अख्खा हॉल घमघमतो. जळगावच्या सराफांकडेही तिचं देऊळ गेलंय.

आणि तिचा जीव कुणावर? नवऱ्यावर नाही, पोरांवर नाही, भुऱ्यावर. भुऱ्या हा तिचा बारा वर्षांचा कुत्रा. एका डोळ्यानं अधू, छातीनं कमजोर, पण खायला खमक्या. त्याच्यापायी घरात काय एकेक कायदे! कपाटात डांबरगोळ्या नाहीत. उदबत्ती देव्हाऱ्यात नाही, माळ्यावर. माझ्या माहेरहून आलेली वासाची मेणबत्ती तिनं उंच फळीवर ठेवली, ती आजतागायत पेटलेली नाही. अत्तर लावून आलेल्या पाहुण्याला ती ओट्यावरच बसवते. मी म्हणायची, या बाईनं कुत्रं पाळलं नाही, कुत्र्यानं हिला पाळलंय.

माझ्या मेघाचं लग्न ठरलं, तेव्हा मी धुळ्याच्या विहीणबाईंना, सरिताबाईंना, ऐटीत सांगितलं की आमच्या अक्काचं रुखवत अस्सल, एकही वस्तू खोटी नाही. त्यांनीही आपल्या गोतावळ्यात ते सांगून ठेवलं. आमच्या दोघींची नाकं त्या देवळाच्या कळसावर बसली होती म्हणा ना.

लग्नाच्या दिवशी दुपारी पंगत चालू होती. बाया देवळापुढे उभ्या राहून फोटो काढत होत्या. तेवढ्यात भुऱ्या कुठूनसा आला, पुढचे पाय टेबलावर टाकले आणि माझ्या डोळ्यांदेखत कळस खाल्ला. चाटला नाही, हुंगला नाही, अकराच्या अकरा कुडुमकुडुम फोडून गिळली. कुणीतरी ओरडलं, अगं जायफळ कुत्र्याला विष असतं. सगळा हॉल गोळा झाला. तिथं माझी मुलगी बोहल्यावर, आणि इथं माणसं कुत्र्याभोवती!

ढोरांचे डॉक्टर शालिग्राम आमच्याच पंगतीत जेवत होते. त्यांनी हात धुतला, भुऱ्याला मागच्या खोलीत आणवलं, मोटरसायकलवरची पेटी मागवली. म्हणाले, एवढं जायफळ पोटात राहिलं तर फिट येतील, सुई देऊन ओकवायलाच हवं. पण म्हातारं कुत्रं आहे, छाती अशी, त्या ओकारीनंही जाऊ शकतं. खोलीत आम्ही चौघंच होतो, डॉक्टर, मी, सरिताबाई आणि अक्का. मी अक्काकडे पाहिलं. बाई भिंतीला टेकून उभी. मला तर चीडच आली. लेकरासारखा वाढवला, आणि आता डोळ्यात टिपूस नाही?

डॉक्टरांनी सुई भरली. अक्कानं एकदा माझ्याकडे पाहिलं, एकदा सरिताबाईंकडे, आणि डॉक्टरांचा हात धरला.

"सुई ठेवा डॉक्टर. ती जायफळं नई शेतस. कळणाचं पीठ शे, बिनमिठाचं."

मग सगळंच बाहेर आलं. सहा वर्षांपूर्वी भुऱ्यानं असाच एक कळस पळवला होता. दोन दिवस थरथरत होता, भिंतीकडे बघून भुंकत होता, पाणी पीत नव्हता. तेव्हापासून त्याचं तोंड पोचेल तिथं अक्का खरा मसाला लावतच नाही. खांब बाभळीच्या सालीचे, लवंगा कडुनिंबाच्या काड्यांच्या, जायफळं कळण्याच्या, म्हणजे ज्वारी-उडदाच्या पिठाची, तव्यावर कडक भाजलेली. खऱ्या मसाल्याच्या पुरचुंड्या वर मांडवाच्या पाइपाला टांगलेल्या असतात, वास तिथून येतो. आणि बिघडलेले गोळे रोज भुऱ्याच खातो. त्याला बिचाऱ्याला वाटलं, हा कळसही आपल्याच वाट्याचा.

डॉक्टर हसायला लागले. माझ्या मात्र अंगाचा तिळपापड झाला. सहा वर्षं गावाला फसवलंस ते फसवलंस, पण माझ्या मुलीच्या लग्नात, माझ्या विहिणीसमोर! सरिताबाईंनी पदर सारखा केला, बाहेर गेल्या आणि सगळ्यांना ठणकावून सांगितलं की जायफळं अस्सल होती, आपण स्वतः मोजली होती, आणि कुत्रं ठणठणीत आहे, त्याला काही झालं नाही. माझा जीव भांड्यात पडला. अशी विहीण मिळायला भाग्य लागतं, असं मी मनात म्हटलं.

पंगत पुन्हा बसली. मी आणि अक्का वाढत होतो. नवऱ्या मुलाचे मामा हिलालभाऊ शेजारच्याला सांगत होते, म्हणजे कुत्र्याला जायफळ मानवतं तर! आपण बाळाला उगाळून देतोच की. त्यांच्या शेतावरच्या वाघ्याला चार दिवस जुलाब होते. त्यांनी आत्ताच घरी फोन करून सुनेला सांगितलं होतं, डब्यातली असतील तेवढी कुटून भाकरीत घाल. शेजारचा म्हणाला, मीही देऊन बघतो.

अक्कानं हातातलं भाताचं पातेलं माझ्याकडे दिलं आणि ती तडक माइककडे निघाली. काय करणार ते मला कळलं. एका हातात पातेलं, दुसऱ्या हातानं मी तिचा पदर धरला. तिनं तो सोडवून घेतला. आहेराची नावं वाचणाऱ्या माणसाच्या हातातून माइक काढून घेतला आणि भरल्या हॉलला सांगितलं, देऊळ खोटं होतं, जायफळं पिठाची होती, विहीणबाई आमची लाज राखायला तसं बोलल्या.

"मनं नाक कापाई गयं ते जाऊ द्या," ती म्हणाली, "पन कोणी कुत्राले जायफळ चारू नका. हिलालभाऊ, आधी घर फोन लावा."

हिलालभाऊ खरकट्या हातानंच उठले. फोन कानाला लावून उभे राहिले, घंटी वाजत राहिली, कुणी उचलेना. अक्का माइक धरून तशीच उभी होती, सरिताबाई तिच्याशेजारी जाऊन उभ्या राहिल्या, आणि मी भाताचं पातेलं घेऊन दोघींच्या मागे. शेवटी सुनेनं फोन उचलला. म्हणाली, कुटून झालंय मामंजी, भाकरी अजून कुस्करतेय.